आग रामेश्वरी, दुखणे सोमेश्वरी

दातांच्या डॉक्टरकडे जाणारा माणूस कधी रिकाम्या हाताने जात नाही. निदान आणि उपचार या दोन्ही गोष्टी तो घरूनच बरोबर घेऊन जातो. खुर्चीवर नीट टेकायच्या आत तो गालात बोट घालून सांगतो, "हा दात दुखतोय," आणि डॉक्टरने आरसा हातात घ्यायच्या आत फर्मावतो, "काढून टाका एकदाचा!" पोटात कळ आली म्हणून 'आतडे काढून टाका' असे सर्जनला कोणी सांगत नाही. दाताच्या बाबतीत मात्र आपण सारेच तज्ज्ञ. कारण उघड आहे. दात आरशात दिसतो, जिभेने चाचपता येतो, आणि तो ठणकू लागला की त्याच्याखेरीज जगात दुसरे काही उरत नाही.

गंमत अशी की, हा आत्मविश्वास पुष्कळदा चुकीच्या दातावर ठेवलेला असतो. दुखणारी जागा आणि दुखण्याचे मूळ यांत अंतर असू शकते, आणि ते अंतर खालच्या जबड्यापासून वरच्या जबड्यापर्यंतचेही असू शकते. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण ज्याने पहिल्यांदा वापरली, त्याची दाढ त्या दिवशी ठणकत असावी अशी मला दाट शंका आहे. बोट ठेवलेल्या दातापासून खऱ्या दातापर्यंत, आणि 'काढून टाका'पासून योग्य उपचारापर्यंत चांगला दंतवैद्य कसा पोचतो, हे अलीकडे मला जवळून पाहायला मिळाले. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात आज ना उद्या कोणाची तरी दाढ दुखणारच आहे. तेव्हा ही हकिगत चार घरांत बोलली जावी, एवढाच या लेखाचा हेतू.

एके काळी असा शोध घेण्याची गरजच नव्हती. दात दुखण्याचे कारण एकच मानले जाई, दातातला किडा. प्राचीन बाबिलोनमधल्या मातीच्या पाट्यांवरही या किड्याची कथा लिहिलेली सापडली आहे. आपल्या भाषेत तर तो अजून जिवंत आहे. आपला दात 'किडतो', दाढेला 'कीड लागते'. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ही कीड पाडण्याचा उपाय आपल्याकडे खेडोपाडी चालत आलेला. फ्रान्समध्ये पिएर फोशार याने १७२८ साली दंतवैद्यकावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि असा किडा आपल्याला कधी आढळला नाही, असे सांगून टाकले. पुढे १८९० साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने खरा प्रकार मांडला. तोंडातले जंतू अन्नातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात हळूहळू विरघळवते.

पण कारण काहीही मानले तरी उपचार एकच होता, उपटणे. आणि उपचार एकच असला की निदानाला कोण विचारतो? रोग्याने बोट ठेवावे आणि समोरच्याने चिमटा लावावा, एवढेच. मग काळ पालटला. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावच्या होरेस वेल्स या दंतवैद्याने डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली. वेदनेशिवाय दातावर काम करता येते, हे त्यातून दिसले. नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच ओटो वाल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा क्ष-किरण फोटो घेतला. त्यासाठी तो २५ मिनिटे स्तब्ध राहिला होता. आज तेच काम सेकंदाच्या छोट्याशा अंशात होते. वेदना थांबवता येऊ लागली, हिरडीखालचे पाहता येऊ लागले आणि दात वाचवण्याच्या वाटा निघाल्या. वाटा अनेक झाल्या, तेव्हा 'यातली कोणती?' हा प्रश्न आला. आणि त्या प्रश्नासाठी निदान आले.

हे निदान इतके अवघड का असावे, हे समजायला दाताची रचना थोडी पाहावी लागेल. सर्वांत बाहेर इनॅमलचे कवच, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या आत डेंटिनचा थर, आणि त्याच्याही आत एका छोट्या पोकळीत रक्तवाहिन्या व मज्जातंतूंचा मऊ गर. डॉक्टर त्याला पल्प म्हणतात, आपण 'नस' म्हणतो. हा गर चारी बाजूंनी टणक भिंतींत कोंडलेला असतो. हातापायाला मार लागला तर तिथे सूज येते आणि कातडी ताणून सुजेला जागा देते. दातातल्या गराला सूज आली तर तिने जायचे कोठे? भिंती हलत नाहीत, आतला दाब वाढत जातो. रात्री आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब आणखी थोडा वाढतो आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दाढ ठणकू लागते. दातदुखीची रात्र वैऱ्याची असते ती अशी.

यात आणखी एक मेख आहे. गरातले मज्जातंतू मेंदूला 'दुखते आहे' एवढे कळवतात, 'कोणता दात' हे नीट कळवत नाहीत. वरचा जबडा, खालचा जबडा, गाल, कानाचा पुढचा भाग, या साऱ्यांचे निरोप चेहऱ्याच्या एकाच मोठ्या मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातात. म्हणून वरची दाढ बिघडली तरी खालची दुखल्यासारखी वाटते, कधी कानात कळ मारते. चेहऱ्याची मधली रेघ ओलांडून डाव्याचे दुखणे उजवीकडे मात्र सहसा जात नाही. दातावर पत्ता लिहिला जातो तो सूज मुळाच्या टोकाबाहेर पसरल्यावर. दात आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये धाग्यांची एक पातळ गादी असते. घासात बारीकसा खडा आला तर तो नेमका कोणत्या दाताखाली आहे हे आपल्याला कळते, ते या गादीमुळे. सूज तिथवर पोचली की दात वर उचलल्यासारखा वाटतो, टेकवला तरी दुखतो, आणि मग रोग्याचे बोट सहसा बरोबर जागी पडते. त्याआधी मात्र ते बोट म्हणजे अंदाज.

माझी थोरली बहीण, आक्का, कऱ्हाडला राहते. वय ७२. गेल्या पावसाळ्यात ती आमच्याकडे पुण्याला आली ती डाव्या गालावर हात ठेवूनच. तीन रात्री झोप नव्हती. लवंगेचे तेल झाले होते, मिठाच्या गुळण्या झाल्या होत्या, औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही झाल्या होत्या. नातवाने मोबाइलचा दिवा लावून तोंडात पाहिले, तर खालच्या डाव्या दाढेवर काळा ठिपका. घरातल्या सगळ्यांचे एकमत झाले. चोर सापडला होता, फक्त फाशी द्यायची बाकी होती.

आमच्या भागातली दंतवैद्य तिशीतली मुलगी आहे. तिने आक्काला खुर्चीवर बसवले, पण तोंड उघडायला लावले नाही. स्वतः समोर स्टूल घेऊन बसली आणि विचारू लागली.

"आजी, गरमानं दुखतं की गारानं?"

"गरमानं गं बाई. गार पाण्याची चूळ धरली की जरा बरं वाटतं."

"गरम चहा घेतला, तर किती वेळ दुखत राहतं?"

"चहा पिऊन कप विसळून पालथा घातला, तरी चालूच."

"रात्री झोपेतून जागं करतं का?"

"झोप लागली तर जागं करील ना!"

मी आयुष्यातली ३० हून अधिक वर्षे बँकेत काढली. कर्जाचा अर्ज घेऊन माणूस समोर बसला की त्याला आधी बोलू द्यायचे, हे आम्हाला शिकवलेले असे. धंदा कसा चालतो, माल कोण उचलतो, उधारी किती दिवसांची, हे विचारता विचारता अर्जात न लिहिलेली गोष्ट बाहेर येई. ही मुलगी तेच करत होती. तिच्या प्रत्येक साध्या प्रश्नाला एक अर्थ होता, तो तिने मला नंतर समजावून सांगितला. गार किंवा गोड लागल्यावर चमक उठते आणि काही क्षणांत जाते, तेव्हा आतला गर नुसता चिडलेला असतो. कीड काढून दात भरला तर तो शांत होऊ शकतो. पण गरम लागल्यावर दुखणे मिनिटेच्या मिनिटे रेंगाळते, काही न खाताही आपोआप सुरू होते, रात्री उठवते, तेव्हा गर बरा होण्याच्या पलीकडे गेलेला असतो. चावताना, विशेषतः चावून दात उघडताना चमक आली, तर दाताला तडा गेल्याचा संशय घ्यावा. म्हणजे अर्धे निदान तोंड उघडण्याआधीच कानांनी झालेले असते.

त्यानंतर तिने दातांशी संबंध नाही असे वाटणारे प्रश्न विचारले. मधुमेह आहे का? गेल्या तपासणीत साखर किती होती? रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे का? हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शन घेतले आहे का? कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी? आणि शेवटी, "आजी, मशेरी लावता?" आक्का जरा ओशाळली. "दात घासण्यापुरती गं. सकाळ-संध्याकाळ." डॉक्टर रागावली नाही. गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा तिने दिव्याखाली सावकाश पाहिली. तंबाखू कोणत्याही रूपात तोंडात राहिली की तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारे तोंडातले जखमेसारखे काही, हे दातापेक्षा आधी पाहायचे असते. सुदैवाने तसे काही नव्हते.

मग दातांची पाळी आली. आरशाच्या दांड्याने तिने एकेका दातावर हलकेच ठोकून पाहिले. हिरडीवर बोट दाबून पाहिले. बारीक खुणा असलेल्या सळईने हिरडी आणि दात यांच्यामधली खोली मोजली. कापसाच्या बोळ्यावर गार फवारा मारून तो आळीपाळीने दातांना लावला, आणि सुरुवात केली ती न दुखणाऱ्या उजव्या बाजूच्या दातांपासून, म्हणजे आक्काचा निरोगी दात गाराला काय उत्तर देतो हे आधी कळावे. काळ्या ठिपक्याच्या दाढेला गार लागले, क्षणभर जाणवले, गेले. अगदी निरोगी उत्तर! तो ठिपका म्हणजे खाचेत बसलेला जुना डाग निघाला. कीड तिथे कधीचीच थांबलेली होती. नंतर वरच्या डाव्या दाढेला गरम स्पर्श झाला मात्र, आक्काने खुर्चीचा हात गच्च धरला. "हेच! हेच ते!" पण बोट पुन्हा खालच्याच गालावर.

त्या वरच्या दाढेत बऱ्याच वर्षांपूर्वी भरलेली चांदी होती. वरून धडधाकट. क्ष-किरण फोटोत चांदीच्या मागच्या कडेखाली एक काळसर सावली दिसली, ती गरापर्यंत पोचलेली. तरीही डॉक्टरने आणखी एक खात्री करून घेतली. तिने फक्त वरच्या दाढेपाशी बधिरतेचे इंजेक्शन दिले. काही मिनिटांत 'खालच्या' दाढेचे दुखणे थांबले. आक्का आमच्याकडे अशी पाहू लागली, की जणू कोणी जादूचा प्रयोग केला आहे. खालच्या दाढेला सुई शिवलीही नव्हती.

त्या दिवशी आक्काच्या मनासारखे झाले असते, तर खालची चांगली दाढ गेली असती आणि वरची ठणकत राहिली असती. हा विनोद नाही. आमच्या बँकेतल्या एका हेडकॅशियरच्या बाबतीत हे खरोखर घडले. दाढी करताना, तोंड धुताना, कधी नुसती वाऱ्याची झुळूक लागली तरी त्यांच्या गालात विजेचा झटका बसल्यासारखी कळ येई आणि काही सेकंदांत जाई. एकामागून एक तीन दाढा काढून झाल्या. कळ जिथल्या तिथे. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञाने सांगितले, की दुखणे दातांचे नाहीच. चेहऱ्याच्या त्या मोठ्या मज्जातंतूचा हा विकार आहे, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. गोळ्या सुरू झाल्या, कळा आटोक्यात आल्या. पण तीन दाढा परत कोण देणार?

दाताचे सोंग घेणारी दुखणी आणखीही आहेत. सर्दीने गालाच्या हाडामागची पोकळी, म्हणजे सायनस भरला, की वरच्या बऱ्याच दाढा एकदम दुखतात आणि खाली वाकले की जास्त दुखतात. झोपेत दात खाणाऱ्यांच्या जबड्याचे स्नायू सकाळी दुखतात आणि ते दातांचे दुखणे वाटते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिना चढताना, भरभर चालताना खालच्या जबड्यात दुखू लागले आणि थांबल्यावर उतरले, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. त्या वेळी दंतवैद्य शोधत बसू नये. बरोबर घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल तर थेट इस्पितळ गाठावे.

इकडे आक्काची दाढ बधिर झाली होती आणि तिला धीर आला होता. तिने विचारले, "आता थांबलंय, तर राहू दे की. परत दुखलं तर बघू." डॉक्टर म्हणाली, "आजी, समजा दोन-चार दिवसांत हे आपोआप थांबलं, तर मला जास्त काळजी वाटेल." आतला गर सुजून सुजून शेवटी मरतो. मेलेला मज्जातंतू तक्रार करत नाही. माणूस म्हणतो, बरे झाले, देव पावला. पण जंतू आत असतातच. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, आणि मग महिन्यांनी किंवा वर्षांनी एके दिवशी गाल सुजतो. बँकेत आम्ही नव्या अधिकाऱ्यांना सांगत असू, की तगादा बंद झाला म्हणजे कर्ज फिटले असे नव्हे. दाताचेही तसेच आहे. दुखणे थांबणे आणि दुखण्याचे कारण जाणे, या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी आक्काला गुण का आला नाही, याचेही उत्तर यातच आहे. कोंडलेल्या, सुजलेल्या गरावर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये याबाबत स्पष्ट मार्गदर्शन प्रसिद्ध केले. दातावर प्रत्यक्ष उपचार उपलब्ध असेल, तर एरवी धडधाकट प्रौढ माणसाला नुसत्या दातदुखीसाठी किंवा दातापुरत्या मर्यादित गळवासाठी अँटिबायोटिक देऊ नये. ताप आला, संसर्ग शरीरात पसरू लागला, तर गोष्ट वेगळी. लवंगेच्या तेलातले युजेनॉल थोडा वेळ बधिरता आणते, तेवढ्यापुरते ते ठीक. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाताशी दाबून धरण्याचा घरगुती उपाय मात्र कोणी करू नये. तिने हिरडी आणि गाल भाजून निघतात.

आता निदान झाले. पुढे उपचाराचा आराखडा. इथेही त्या मुलीने जे केले ते मला आवडले. तिने कोरा कागद घेतला, त्यावर दाढेचे चित्र काढले आणि आक्काला विचारले, "आजी, तुम्हाला दातांकडून काय हवंय?" आक्का म्हणाली, "मला भाकरी खाता आली पाहिजे. आणि मुलाला फार खर्चात घालायचं नाही."

या दोन वाक्यांवर आराखडा उभा राहिला. पहिला पर्याय रूट कॅनाल. सुजलेला गर काढायचा, मुळांमधल्या नलिका साफ करून भरायच्या, वर कॅप बसवायची. दाढ आपली आपल्याजवळ राहते, पण दोन-तीन खेपा आणि खर्च जास्त. दुसरा पर्याय दाढ काढण्याचा. आज खर्च थोडा, काम एका दिवसाचे. पण ती जागा रिकामी ठेवायची, की पुढे काढघालीचा दात, ब्रिज किंवा इम्प्लांट करायचे, हा प्रश्न मागे राहतो आणि त्याचा खर्च आजच्या हिशेबात धरावा लागतो. तिसरा पर्याय काहीच न करण्याचा. त्याचे परिणामही तिने तितक्याच शांतपणे सांगितले. कोणता पर्याय शक्य आहे, हे दाताची अवस्थाही ठरवते. कॅप धरून ठेवण्याइतका निरोगी भाग हिरडीच्या वर शिल्लक आहे का? मूळ चिरलेले नाही ना? भोवतालचे हाड भक्कम आहे का? मोडकळीस आलेल्या घराला रंग देण्यात जसा अर्थ नाही, तसाच पाया गेलेल्या दाताच्या रूट कॅनालमध्येही नाही. अशा वेळी 'काढून टाका' हेच योग्य उत्तर असते, आणि ते सांगणारा डॉक्टर तितकाच चांगला.

आक्काच्या उजव्या बाजूच्या खालच्या दोन दाढा पूर्वीच गेलेल्या. म्हणजे भाकरी चावायला भिस्त डाव्या बाजूवरच. ही वरची दाढ काढली, तर खालच्या चांगल्या दाढेलाही वरून जोडीदार राहणार नव्हता. हाड भक्कम होते, दाताचा पुरेसा भाग शिल्लक होता. भावाने किंवा भाच्याने काही म्हणण्याआधीच आक्का म्हणाली, "मग वाचव बाई ही."

कागदावर क्रम लिहिला गेला. पहिले काम वेदनेचे. त्याच दिवशी दाढ उघडून सुजलेला गर काढला आणि तात्पुरते सिमेंट भरले. दुसरे काम रोग थांबवण्याचे. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी तपासायची, कारण साखर चढलेली असली की हिरड्यांचे विकार बळावतात आणि जखमा उशिरा भरतात. हिरड्यांखाली साठलेले कीटण काढायचे, मशेरी सोडायची. रक्त पातळ ठेवायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. तिसरे काम उभारणीचे. नलिका भरून झाल्या की कॅप, कारण गर काढलेली, बरीच पोखरलेली दाढ भाकरीच्या एखाद्या कडक तुकड्यानेही फुटू शकते. उजवीकडच्या रिकाम्या जागेचे काय करायचे, ते सहा महिन्यांनी, हिरड्या सुधारल्यावर ठरवायचे. चौथे काम देखरेखीचे. त्या खालच्या काळ्या ठिपक्याला हात लावायचा नाही, पण दर खेपेला त्याच्याकडे पाहायचे. प्रत्येक कामापुढे खेपा आणि खर्च लिहिला होता.

रविवारच्या पानावर एका दाढेची एवढी कथा कशासाठी, असे कोणी विचारील. कथा दाढेची असली, तरी त्यात पैसा आहे, भीती आहे आणि विश्वासही आहे. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य विम्यांत दातांचे नेहमीचे उपचार बसत नाहीत. खिशातूनच पैसे जातात. म्हणून एका बाजूला लोक उपचार टाळतात, दुसऱ्या बाजूला 'उगाच रूट कॅनाल गळ्यात मारला' असा संशय घेतात. दोन्हींवर उपाय एकच, विचारायचे. कोणता दात, आणि तोच कशावरून? त्याची आजची अवस्था काय? दुसरे पर्याय कोणते? काहीच केले नाही तर काय होईल? कामाचा क्रम, खेपा आणि एकूण खर्च किती? केलेले काम टिकावे म्हणून मी काय करायचे? या प्रश्नांना चांगला डॉक्टर वैतागत नाही. उलट त्याचे काम सोपे होते. शंका राहिलीच, तर क्ष-किरण फोटोची प्रत मागून दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे. त्यात कोणाचा अपमान नाही.

विचारात वेळ घालवू नये अशी वेळ मात्र ओळखून ठेवावी. गालाची किंवा जबड्याखालची सूज वाढते आहे, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतो आहे, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळात जावे. दाताचा संसर्ग गळ्याकडे उतरला तर जिवावर बेतू शकते.

आक्का तीन खेपांत मोकळी झाली आणि कॅप घालून कऱ्हाडला परतली. साखर अजून थोडी चढी आहे. मशेरीचा डबा टाकून दिला असे ती फोनवर सांगते. सूनबाईंचा मात्र त्यावर अद्याप विश्वास नाही. भाकरी डाव्या बाजूने चावते, आणि त्यात तिच्या खालच्या दाढेचा वाटा निम्मा आहे.

आपल्यापैकी कोणाची दाढ ठणकू लागली, तर डॉक्टरसमोर बोट जरूर ठेवावे. फक्त 'हा दात दुखतोय' याऐवजी 'इथं दुखतंय, असं असं दुखतंय' एवढे म्हणावे, आणि पुढचे शोधायला त्यांना अर्धा तास द्यावा.